लाभ

कोपरखैरणे, केकच्या दुकानावरचा मजला,
आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते नऊ.
गावंड सर निळा मार्कर झटकतात
आणि फळ्यावर दोन चौकोन काढतात :
इकडे तू, तिकडे सर्व्हर.
मधे कुणी नाही असं समजू नका, म्हणतात,
मधे सगळं जग आहे, फळा पुरत नाही म्हणून काढत नाही.

आधी हा विचारतो, आहेस का?
तो म्हणतो, आहे. तू आहेस का?
हा म्हणतो, आहे.
एवढं झाल्याशिवाय एक अक्षर पुढे सरकत नाही.
नफीसा कुजबुजली, म्हणजे मिस्ड कॉल?
नाही गं, मिस्ड कॉलला कोण आहे म्हणतं?

मग क्रमांक.
शून्यापासून नाहीत, एकापासूनही नाहीत,
सुरुवात कुठल्याही आडमुठ्या आकड्यापासून,
सदतीस लाख आणि वर काहीतरी.
वर्गात कुणाला पटेना. मला लगेच पटलं.
आमच्या घरात पहिल्या गोणीला एक म्हणत नाहीत.
लाभ, दोन, तीन, चार.
छत्तीस वर्षं आप्पांनी असाच कांदा मोजला
तुर्भ्याच्या मार्केटात,
आकडा उजव्या हातात, गोणी पाठीवर.

धडा मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही.
आप्पा कमरेचा पट्टा सैल करून आडवे होतात,
ऐकतात, मधेमधे हं म्हणतात.
लहानपणी ते गोष्ट सांगायचे तेव्हा अट असायची,
हुंकार दे, नाहीतर गोष्ट थांबली.
मला झोप लागली की कोल्हा रात्रभर विहिरीच्या काठावर.
दुसऱ्या दिवशी विचारायचे, कुठवर ऐकलंस?
आणि तिथून पुढे.
यालाच टीसीपी म्हणतात, आप्पा.
हं.

एका खेपेत पंधराशे बाइट, त्याच्या वर नाही.
आमची गोणी शंभर किलोची, ते म्हणाले,
पन्नासची होईतो माझे मणके गेले.
ह्यांना कुणी सांगितलं एवढं शहाणपण?
मी पान उलटलं.

घेणारा दर वेळी कळवतो,
आता माझ्याकडे इतकी जागा आहे.
जागा संपली की शून्य कळवतो,
आणि पाठवणारा थांबतो.
थांबतो?
थांबतो.
ते पंख्याकडे बघत राहिले.
पंखा बंदच होता.

हरवण्याचं प्रकरण शेवटी आलं.
वाटेत गर्दी झाली की एखादा राउटर
पाकीट टाकून देतो, कुणाला न सांगता.
इकडे हुंकार येत नाही. हा वाट बघतो, पुन्हा पाठवतो.
तरी नाही, तर दुप्पट वाट बघतो, पुन्हा पाठवतो.
आप्पा कोपरावर उठले.
आणि तूट?
कसली तूट?
हरवलेल्या मालाची. कुणाच्या मजुरीतून कापतात?

मी पुस्तक चाळलं. चारशे बारा पानं,
मागची सूची, तळटिपासुद्धा.
कुणाच्याच नाही, म्हटलं.

मग पट्ट्याशी चाळा करत ते बोलले,
सत्त्याण्णव साली तीन गोण्या कमी भरल्या होत्या एका ट्रकात.
नाशकाहूनच कमी निघाल्या असणार.
आमच्या टोळीकडून पैसे घेतले.
हिंदुराव मोजत होता, त्याला शिव्याही बसल्या.
बरोबर मोजलं होतं त्यानं.
हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.
हं म्हणायचं राहून गेलं.

शनिवारी तोंडी परीक्षा.
सरांनी पडद्यावर पाकिटांची रांग उघडली,
हिरव्या, राखाडी, मधेच एक काळी ओळ.
काळी दोनदा पाठवलेली, तेवढं मला ओळखू आलं.
मोज, म्हणाले, एका जोडणीत किती गेली.
मी बोट लावलं.
लाभ, दोन, तीन, चार, पाच.
थांब, सर म्हणाले, पहिलं राहिलं.
नाही सर, मोजलंय.